हद्द

सकाळच्या बातम्या संपल्या की रेडिओ
गेलेल्यांची नावं वाचतो.
मी पेन घेऊन बसते :
नाव, गाव, माहेरचं आडनाव,
पार्थिव घरी किती वाजेपर्यंत, दफन कुठं.
खासदार गिलहूलींची डायरी अशी भरते.
डब्लिनची संसद उरलेल्या जागेत.

गाडीच्या कप्प्यात काळा टाय,
गाठ न सोडता ठेवलेला,
दाव्यासारखा गळ्यात घालायचा, काढायचा.
बुटांचे दोन जोड, एक चर्चचा, एक चिखलाचा.
बावीस वर्षं मी ही गाडी चालवते.
त्यांनी भाषणं किती केली, मला विचारू नका.
मयताच्या घरची हॅम सँडविचं किती खाल्ली
ते सांगते : नाही म्हणाले नाहीत एकदाही.

"वाईट झालं, नोरीन."
नोरीन मॅक्टर्नन हात सोडत नाही.
नवऱ्याच्या पेटीशेजारी उभ्या उभ्या
कानाशी लागून म्हणते,
"पहिली पसंती भाच्याला द्यावी लागेल, घरचाच आहे.
दुसरी मात्र तुमची. ह्यांनीही सांगून ठेवलंय."
दुसऱ्या पसंतीवरच जगला हा माणूस.
दर निवडणुकीला शेवटची जागा,
मध्यरात्र उलटल्यावर,
पडलेल्यांची मतं वाटली जात असताना.

शनिवारी खाटकाच्या दुकानावरच्या खोलीत
जिन्यापर्यंत रांग.
म्हातारीच्या गुडघ्याची तारीख,
दलदलीत अडकलेला घराचा परवाना,
पॅकी फॉलीचा दिव्याचा खांब,
जो त्याला हवा होता, आला,
आणि आता डोळ्यावर येतो म्हणून नको आहे.
मी सगळं लिहून घेते.
खाली सुरा लाकडावर पडत राहतो.

मग तो नकाशा आला.
लोकसंख्या वाढली म्हणे, डब्लिनच्या बाजूला.
आयोगानं आमची हद्द उचलली
आणि नदीवर आणून ठेवली.
पलीकडच्या चार वाड्या दुसऱ्या मतदारसंघात,
शाळा तिकडं, शाळेची मुलं इकडं,
आणि ड्रमकीलची दफनभूमी, भिंतीसकट, तिकडं.

त्यांनी चष्मा काढून नकाशा डोळ्याजवळ नेला.
बावीस वर्षांत खांदा दिलेली माणसं
बोटानं मोजत असावेत, मला वाटलं.
"उनापण गेली तिकडं," म्हणाले.
बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती.
मला काही सुचेना.
"असू दे. तशीही ती मला मत देत नव्हती."
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

मार्चमध्ये रेडिओनं एक नाव वाचलं,
बेसी ओराईलीचा थोरला, नदीपल्याडचा.
मी पेन खाली ठेवलं.
आतून, दाढी करता करता, आवाज आला :
"किती वाजता आहे?"

पुलावर मी गाडी हळू केली.
पलीकडचे खड्डे आता आमचे नव्हते,
चाकांना ते कुणी सांगितलं नव्हतं.
दारात बेसीनं त्यांना वरपासून खाली पाहिलं.
"मालकी, तुला आता इथं काय मिळायचं?
आमची मतं तुझी राहिली नाहीत."
"वाईट झालं, बेसी," ते म्हणाले.
ती बाजूला झाली. चहा आला. सँडविच आलं.

परतताना टाय काढला
आणि कसं कोण जाणे, गाठ सुटली.
लांब काळी पट्टी मांडीवर घेऊन बसले
जणू ती कुणाची आहे ते ठाऊक नाही.
"उनानं बांधून ठेवली होती," म्हणाले.

मी रेडिओ लावला.
हवामान सांगत होते,
पश्चिमेकडून वारा, आणि इतर ठिकाणी
फारसा बदल नाही.