सोळा हजार पौंड

काउंटी कचेरीच्या तळघरात
रॅपहॅनॉकची ओल भिंतीतून वर चढते.
माझ्यापुढे पॅरिशची वही, सन १६९८,
तान्ह्या बाळाची मान धरावी
तशी तिची पाठ सांभाळत मी पान उलटते.

'मिस्टर पेंगेली यांस वर्षाच्या सेवेबद्दल
तंबाखू, पौंड सोळा हजार.'

काम देवाचं, पगार पानांचा.
पीक उदंड आलं की भाव पडायचा,
भाव पडला की पाद्री उपाशी.
त्यातून ही कडू पानाची पॅरिश.
गोड पान नदीपलीकडे,
तिथे कुणी मेलं तरच जागा.

कॉर्नवॉलहून आला तेव्हा एकोणतिशीचा.
नेमणूक एका वर्षाची.
मग पुन्हा एका वर्षाची.
असं सतरा वेळा.
कायम केलेल्या पाद्र्याला हाकलता येत नाही,
पंचांना पक्कं ठाऊक होतं.
(माझं हे तिसरं कंत्राट.
हसले, जरा मोठ्यानंच;
वर कुणीतरी खुर्ची सरकवली.)

१७०३: 'कर्नल थॉर्नबरो यांची ज्यूडी,
हिला मालकास न विचारता बाप्तिस्मा दिला,
सबब मिस्टर पेंगेली यांस समज द्यावी.'
त्या साली तंबाखू चौदा हजार.

ज्यूडी या वहीत पुन्हा नाही.
दोन दिवस शोधल्यावर सापडली
कर्नलच्या मालमत्तेच्या यादीत,
तांब्याची कढई आणि आंधळी घोडी
यांच्या मधल्या ओळीत. किमतीसकट.

'झगा धुण्याबद्दल, विधवा स्कॅटरगुड हिला, पौंड शंभर.'
हे दरसाल.
'घरी जाण्यास रजा मागितली. विचार पुढील बैठकीत.'
हेही जवळजवळ दरसाल.
पुढली बैठक डुकरांच्या कुंपणावर.

त्याच्या स्वतःच्या हातचं एकच वाक्य,
समासात, शाई पाणी घालून वाढवलेली:
'नदी गोठली. कोणी आले नाही. प्रार्थना पूर्ण म्हटली.'

कुणाला सांगत होता?
मी पेन्सिलीनं टिपून घेतलं.
इथे शाईला बंदी आहे.

१७१५: 'मिस्टर पेंगेली यांस पुरण्याबद्दल,
खड्डा खणणाऱ्यास, पौंड दीडशे.'
त्याखाली, त्याच दिवशी:
'झगा एक वीत आखूड करण्याबद्दल,
विधवा स्कॅटरगुड हिला, पौंड ऐंशी.
नवे पाद्री ठेंगणे आहेत.'

म्हणजे तो उंच होता.