शंभराला साठ सेंट

पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ असते,
कराच्या खाली, युनियनच्या वर:
शंभर डॉलरमागे साठ सेंट.
तीन वर्षं मी ती शिव्या घालत वाचली.
खेकडे सोलून बोटांची सालं निघतात
आणि ऑरेगॉनचं सरकार त्यातलेही साठ सेंट उचलतं,
असं मी ड्वेनला म्हणायचे.
तो म्हणायचा, येतील कधीतरी कामी.
ड्वेनला सगळंच कधीतरी कामी येईलसं वाटतं.
त्याच्या अंगणात तीन बंद ट्रक आहेत.

ऑक्टोबरात लेम्पी जिन्यावरून पडली.
वय चौऱ्याऐंशी. खुब्याचं हाड.
आणि हाडाचा फोटो काढताना
फोटोत हाडाशिवाय दुसरंही काही निघालं.

फोनवरची बाई सावकाश सांगत होती,
लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तशी:
आजारपण तुमचं असो की घरच्याचं,
वर्षाला बारा आठवडे.
पगाराचा बराचसा भाग राज्य देतं, मालक नाही.
नव्वद दिवस नोकरीत झाले असतील
तर तुमची जागा तुमचीच.
डॉक्टरची सही लागेल. मालकाला लेखी कळवा.
मी लिहून घेत होते एका जुन्या पावतीमागे,
माशाचा वास मारणाऱ्या.

आणि रुग्ण तुमची कोण?

कोण?
बापाचा होडीतला भागीदार, त्याची बायको.
होडी कधीच विकली. दोघेही गेले.
सतराव्या वर्षी आईनं माझी बॅग पायरीवर ठेवली,
तेव्हा लेम्पीनं काही विचारलं नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून किल्ली दिली
आणि म्हणाली, दार जरा उचलून ढकलावं लागतं.
एवढंच.
याला काय म्हणतात तुमच्या यादीत?

यादी खाली खाली जात होती,
नवरा, बायको, मूल, आईबाप, भावंडं, आजी, नातू,
आणि अगदी तळाला, बोट थकतं तिथे:
रक्ताचं नाही, पण कुटुंबासारखं.
मानलेलं, म्हणजे.
म्हणजे कायद्याला हे ठाऊक होतं!
कुठल्याशा बंद खोलीत, टाय लावून बसलेल्यांपैकी
कुणाची तरी एखादी लेम्पी असणार.

पुरावा काही?
फ्रिजवरचा कागद मी वाचून दाखवला,
निळी शाई, कडा पिवळ्या पडलेल्या:
'आणीबाणीत मार्नीला कळवा.
तिची रात्रपाळी असते. बारानंतरच उठवा.'
पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.
मग ती म्हणाली, लिहा, हेच लिहा.

डिसेंबरात हंगाम उघडला.
नदीच्या मुखाशी होड्यांचे दिवे,
आणि मी लाइनवर नाही, स्वयंपाकघरात,
वेलचीचा पाव मळायला शिकतेय.
पहिले दोन लेम्पीनं चव न घेताच परत पाठवले.

दर आठवड्याला राज्य विचारतं:
या आठवड्यात तुम्ही काम केलंत का?
चादरी. गोळ्या. रात्री तीनला बेडपॅन.
तिला कुशीवर वळवणं, दोन तासांनी परत.
नाही, मी बटण दाबते.
काम केलं नाही.

नवव्या आठवड्यात तिनं विचारलं, किती उरले?
तीन, मी म्हटलं.
ती खिडकीकडे बघत राहिली, बोटं मोजल्यासारखी हलली,
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
'सुट्टीचे,' मी घाईनं म्हटलं. 'माझ्या सुट्टीचे, लेम्पी.'
'असं होय,' ती म्हणाली.
'मग माझे जास्त निघाले तर पंचाईतच.'
आणि हसली, खोकला येईपर्यंत.

शनिवारी ड्वेन येतो, बादलीत दोन खेकडे घेऊन.
बाहेरूनच ओरडतो,
माझे साठ सेंट नीट खर्च करतेस ना?
मग दाराशी झटापट.
खांद्यानं रेटतो, गुडघा लावतो, दार ढिम्म.

आतून, उशीवरून, लेम्पीचा आवाज:
अरे उचल.
उचलून ढकल.