यंदा कूलर लावायचा नाही

गुढी उतरवून झाली तसा बाबांनी
सपरीतला कूलर पुसायला घेतला,
मागची जाळी उघडली, आणि हात तसाच ठेवला.
पंख्यामागे, मोटरच्या खांद्यावर
चिंध्यांचा, काथ्याचा, कापसाचा एक गोळा,
आणि गोळ्यात गुलाबी, बोटाएवढं काहीतरी
तीन ठिकाणी हललं.

"डोरे उघडू दे त्याइचे," आई म्हणाली, "मंग लावू."
तांदूळ निवडता निवडता म्हणाली ती,
म्हणून तो निकाल होता
हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

बाबा लाइनमन.
गावात कोणाचा पंखा थांबला
की लोक आधी बाबांना फोन करतात, मग देवाला.
दिवसभर खांबांवर, तापलेल्या तारांजवळ,
आणि रात्री घरी येऊन सुपानं वारा घेत.
भिंतीपलीकडे लांजेवारांचा कूलर घोंघावायचा.
आमच्या वाट्याला त्याचा आवाज,
आणि पहाटे कधीतरी ओल्या वाळ्याचा वास.

मोह गळत होता तेव्हा.
अंधारात टॉर्च घेऊन आई, निर्मलाकाकू आणि मी
बांधावरच्या झाडाखाली.
काकू मधूनमधून उगाच खोकायची,
अस्वल असलं तर त्याला कळावं, माणसं आहेत.
एकदा झुडपातून अस्वलही खोकलं.
टोपली तिथंच राहिली. बाबा गेले ती आणायला,
दुपारी, उन्हात, चौघांना घेऊन.

मिताच्या भूमितीच्या वहीत मागच्या पानावर नोंदी:
पहिल्याचा एक डोळा.
पहिल्याचे दोन, दुसरीचे दोन.
तिसरा नुसता झोपतो.
तिसऱ्याचेही उघडले, आणि आईनं अट सरकवली:
"आता दात येऊ दे."
मग, "एवढ्या तपनीत कुठं जातीन बाप्पा लेकरं?"

तलाव पाळीपासून लांब लांब गेला.
गाळात म्हशींच्या खुरांचे खड्डे, खड्ड्यात चार बोटं पाणी,
आणि तेवढ्यावरही बगळा हक्कानं उभा.
काकूनं तेंदूची पानं मोजली, सत्तर सत्तरचे पुडके,
आमची झोप अंगणात, खाटेवर ओली चादर,
चादर वाळली की जाग,
जाग आली की कूलरकडे एक शिवी. बाबांची. हळू आवाजात,
आत कोणी झोपलेलं असल्यासारखी.

एका संध्याकाळी वावधन सुटलं.
शाळेवरचे टिन उडाले, तारा तुटल्या,
बाबा सायकल टाकून पायीच निघाले.
त्या रात्री सगळ्या गावाचेच कूलर बंद.
सकाळी बाबा आले, डोळे लाल, कोपरावर ओरखडा,
आणि चहा न घेता आधी जाळीपाशी वाकले.
गोळा होता. आत कोणी नव्हतं.

तरी कूलर लागला नाही.
आता काय, आठ दिवसांचा तर उन्हाळा, असं सगळेच म्हणाले,
आणि खरं तर आम्हाला सवय झाली होती.

धान लोंबीवर आलं तेव्हा साफसफाईत
बाबांनी ते घरटं सबंध बाहेर काढलं.
मिताची हिरवी रिबीन निघाली, दोरे दोरे होऊन.
बाबांच्या हातमोज्याचं अस्तर.
वाळा निघाला मूठभर. लांजेवारांचा असणार.
आणि केस, आईचे,
फणीतून काढून ती गुंडाळून कुंपणात खोचते ते.

आईनं तो गुंता उजेडात धरला.
"इतके पांढरे कधी झाले वं?"
मिता म्हणाली, खारीनं निवडून नेले असतील, मऊ असतात.
आई हसली नाही. काही बोललीही नाही.

घरटं कोणी फेकलं नाही, कोणी जपलं नाही.
दोन दिवस ते ओट्यावर होतं, मग कोंबडीनं विस्कटलं.

आता थंडी उतरते आहे.
उभ्या धानात लाखोरी फेकून झाली,
पहाटे तलावावर धुकं, धुक्यात बदकांची कुरकुर.
कूलरवर बाबांनी पोतं टाकलंय, दोरीनं आवळलंय.
मागच्या जाळीचे तीन खिळे ठोकले.
चौथा त्यांच्या खिशातच आहे.