चालू रिडिंग

मेढ्यात थंडी नदीकडून येते.
आमच्या बाथरूमच्या खिडकीची खालची पट्टी निघालीय
हे तिला ठाऊक आहे,
आणि हेही, की दादा उघड्या अंगानं
प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत,
उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

ऑक्टोबरपासून बोलले नाहीत.
घराला कुलूप असलं की बिलावर छापून यायचं ना,
चालू रिडिंग उपलब्ध नाही,
तसं.

आनंदा धनावडे, मीटर रीडर.
एकतीस वर्षं केळघर, कुडाळ, करहर,
आधी सायकलवर, मग लुनावर.
गावोगावची कुत्री ओळखून होती.
आणि घरात आम्ही अर्धं जेवण अंधारात जेवायचो:
"घासाला तोंड घावतंय की, दिवा कशाला?"

गिझरचं पाणी कढत होतं.
अडचण पाण्याची नव्हतीच.
एक तांब्या ओतून दुसरा भरेपर्यंत
मधे जेवढी हवा असते, तिची होती.
तेवढ्यात दात वाजायचे,
आणि डाव्या हातानं ते माझं मनगट धरायचे
ते सोडायचेच नाहीत.
आठवड्यातून दोनदा आंघोळ. मग एकदा.
मग ओल्या फडक्यावर भागवलं, खोटं कशाला बोलू.

मेहुण्यानं ब्लोअर आणून दिला, दोन हजार वॅटचा.
घरघर करून हवा तापवायचा,
हवा खिडकीच्या फटीतून निघून जायची.
महिनाभर आम्ही अख्खी जावळी तापवली.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या दुकानात
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, इन्फ्रारेड घ्या,
हा हवेच्या नादी लागत नाही.
समोर असेल ते तापवतो. कातडी, फरशी, भिंत.
हिवाळ्यात उन्हाला बसता ना? वारा गारच असतो,
पण पाठ म्हणते, बस अजून जरा.

शौकत वायरमननं तो उंच लावला,
शिंतोडे पोचणार नाहीत अशा बेतानं,
अर्थिंग दोनदा तपासलं,
बटण दाराबाहेर घेतलं.
"तुमच्या घरात वायर ढिली राहिली
तर दादा परत बोलायला लागतील," म्हणाला,
"आणि शिव्यांपासनं सुरुवात करतील."

पहिल्या दिवशी चार मिनिटं आधीच लावून ठेवला.
दादांना आत आणलं, सदरा काढला.
भिंतीवर तांबूस पट्टी.
आवाज नाही, वारा नाही.
त्यांच्या पाठीवरची लव, जी रोज उभी राहायची,
आडवीच राहिली.
मी तांब्या ओतला.
दुसरा भरताना मुद्दाम वेळ लावला.
त्यांनी मनगट धरलं नाही.

मान वर करून त्या पट्टीकडे बघत होते,
खांबावरच्या मीटरकडे बघायचे तसे,
डोळे बारीक करून.
ओठ हलले. आधी नुसती हवा.
मग,
"कि... ती... वॅट?"

साबण माझ्या हातातून निसटून मोरीत गेला.
सहाशे, दादा. सहाशे.

डावा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला.
मी थांबलो. पाणी निवत होतं, निवू दिलं.
पंधरा मिनिटं, म्हटलं.
"पाव... तास," त्यांनी दुरुस्त केलं.
मग बऱ्याच वेळानं,
"दीड... दशांश."
शून्य पूर्णांक पंधरा युनिट. बरोबर होतं.
तीन महिन्यांत घरात कुणी इतकं बरोबर बोललं नव्हतं.

अंग पुसलं, बंडी घातली,
बटण बंद करायला बाहेर हात घातला.
या माणसानं उगाच जळणारा दिवा
लग्नातसुद्धा विझवलेला, नवरी मुलगी फोटोत असताना.

"ऱ्हाऊ... दे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
त्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं,
कोपरापासून कमरेपर्यंत ओलाचिंब,
आणि हनुवटीनंच खुर्चीशेजारची जागा दाखवली.
"तू बी... वाळ."

उकिडवा बसलो.
त्या दिवशी तीन मिनिटं जास्त जळाला.
त्याचा हिशेब त्यांनी केला नाही.
मी केला.