पळीभर तेल

भिवा कुबलची सात वर्षांची घरपट्टी थकलीय.
पावतीपुस्तक, कार्बन, शिक्का पिशवीत घालून
मी चौथ्यांदा उतरतो ही घाटी.
तो जाळं शिवत बसलेला,
मान वर न करता म्हणतो, "इलंस?
बस. च्या पी. पैसे नाय."

वसुली कारकून म्हणजे
गावातल्या सगळ्या कुत्र्यांच्या ओळखीचा माणूस.
माझ्या पिशवीत एक परिपत्रक आहे,
कर का भरावा, दहा मुद्दे.
ते मी कुणालाच वाचून दाखवलेलं नाही.

"घर मिया बांधलंय.
बाव माझ्या बापाशीन खणल्यान.
रस्तो तुमचो माडाकडे येवन मेलो.
आणि जेटीवरचो दिवो?
चवथीपासून बंद आसा.
मगे मी कित्याक भरू, सांग."

सांगण्यासारखं होतं माझ्याकडे.
तापाच्या साथीत दारोदार फिरलेली नर्स,
बंधाऱ्याचे दगड, ज्यांच्या अलीकडे
त्याची पडवी अजून उभी आहे.
पण वेशीवरची स्वागत कमानही आठवली,
तीन लाखांची, तिच्यावर सहा जणांची नावं,
आणि मी बशीतला चहा फुंकत राहिलो.

समोर पाण्यात कोट.
भिवा सुईनेच दाखवतो.
त्या चिऱ्यांखाली त्याच्या घराण्याचे खांदे वाकले म्हणे,
वेठीला धरलेले.
गलबतामागे जकात, टोपलीमागे हिस्सा.
आणि चाचे आले तेव्हा
त्याच तटाआड पोरं कवटाळून बसलेल्यांत
त्याची कुठलीशी खापरपणजीही होती.
"म्हंजे कोटान राखल्यान पण, खाल्ल्यान पण,"
एवढं बोलून तो दाताने दोरा तोडतो.

आता गस्तीची बोट येते.
रात्री भर समुद्रात भोंगा, डोळे दिपवणारा झोत,
कार्ड दाखवा.
भिवाचं कार्ड एकदा बघतात,
इब्राहिम होडेकरचं दोनदा.
शिमग्याआधी इंजिन बंद पडून
इब्राहिम दीड दिवस वाहत गेला,
त्याला ओढून आणलं तेही त्याच बोटीने.
डिझेल किती जळलं कुणी विचारलं नाही.
ते कुणाच्या पट्टीतलं, तेही नाही.
असेल कुणा समुद्रच न पाहिलेल्या माणसाचं.

मग तो आपणहून आवशीबद्दल बोलतो.
जेटी नव्हती तेव्हा खडपावर कंदील लावायची ती.
तिन्हीसांजेला बाटली घेऊन दारोदार,
घरटी पळीभर तेल.
एक घर देत नसे. नाव सांगत नाही तो.
"त्येची होडी पण त्याच उजेडान लागायची," म्हणतो.
"उजेडाक काय गाळणी लावतलंस?"

मला वाटलं, जिंकलो.
पावतीपुस्तक उघडलं.
"थांब," म्हणाला.
"उरलेला तेल आवस सगळ्यांका दाखवायची,
दर आयतवारी, बाटली उजेडात धरून.
तुमची बाटली खंय आसा?"

वाऱ्याने पान उलटलं.
कोऱ्या पावतीखाली कोरी पावती.
गेल्या जमाखर्चात 'दिवाबत्ती'पुढे
चौदा हजार पडलेत.
सही माझी नाही.
अक्षर माझं आहे.

सुयांच्या डब्यातून त्याने काढले
एकशे वीस रुपये, मासळीचा वास येणारे.
"दिव्याचे. तसा लिव. कमानीचे न्हय."
असा रकाना नसतो.
थकबाकी, चालू, दंड, नोटीस फी.
मी समासात लिहिलं: फक्त दिव्यासाठी.
ऑडिटवाला हरकत घेईल.
घेऊ दे.

घाटी चढेस्तोवर काळोख पडला.
वळून पाहिलं तर जेटीवर
दिव्याचा नुसता खांब.
खाली कुणीतरी, बहुधा भिवाच,
मोबाइलचा उजेड हलवत
येणाऱ्या होडीला वाट दाखवत होता.
होडी कुणाची,
एवढ्या वरून कळत नव्हतं.