न चालणारं नाणं

बुधवारी जुन्या बाजारात, गंजक्या बिजागऱ्या
आणि दोनच पाती उरलेल्या पंख्याच्या मधे
फडक्यावर पसरलेली चिल्लर.
"होळकरी असेल, बाई. नाहीतर निजामाचं."
तीस रुपये. मी वीस म्हटलं. पंचविसावर तुटलं.
नखाएवढं तांबं, हिरवं पडलेलं,
कडेला कुणाच्या तरी कपाळाचा उंचवटा.

बत्तीस वर्षं मी नाना पेठेतल्या शाळेत इतिहास शिकवला.
रोमन साम्राज्याचा ऱ्हास : कारणे पाच, गुण दहा.
अतिविस्तार. भाडोत्री सैन्य. करांचा बोजा.
रानटी टोळ्या.
पाचव्यापाशी मुलं अडायची, पेन चावायची,
माझ्याकडे बघून ओशाळायची.
ख्रिस्ती धर्माचा प्रसार.
रणपिसे बाईंच्या पेपरात कसं लिहायचं
की तुमच्यामुळे बुडालं?

तांबट आळीत करड्यांनी नाणं चिंचेच्या कोळात टाकलं.
चहूकडे ठोक्यांवर ठोके, बोलणं ओरडून.
"नाक जाईल बघा. आतून मेलंय हे तांबं."
गेलंच. आधी मुकुटावरची मोत्यांची ओळ,
मग ती हनुवटी, जिच्या एका हलण्यानं
गावंच्या गावं विकली जात असतील.
दिवेलागणीपर्यंत बादशहा म्हणजे नुसता खळगा.

करड्यांनी नाणं उलटलं.
मागे एक शिपाई, हातात निशाण,
निशाणावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा,
स्वच्छ, काल कुणी दाभणानं ओढल्यासारख्या.
"तुमचाच देव ना हा?" करडे खूश झाले,
पैसे घेईनात.
हो म्हणायला मी तोंड उघडलं, मिटलं.
आमचा देव शिपायाच्या हातात काय करत होता?

आमच्यात तो दुष्काळातून आला.
पणजोबा भागा रणपिसे नगरकडून चालत पुण्यात.
आधी ज्वारीची पिशवी मिळाली
की आधी डोक्यावर पाणी पडलं,
यावर घरात अजून दोन पक्ष आहेत,
लग्नाकार्यात भांडणं होतात.
पण पेल्याबद्दल सगळ्यांचं एकमत.
एकच पेला, ओळीतल्या प्रत्येकाच्या ओठाला लागून
भागाच्या ओठाला लागला
आणि पुढच्यानं तो पुसला नाही.
भागा तिथंच खाली बसून रडला.
धर्म वगैरे त्याला नंतर कळला.

कॅम्पातल्या चर्चच्या भिंतीवर मात्र संगमरवरी पाट्या :
अमुक लेफ्टनंट, तापाने, वय बावीस.
तुळईला टांगलेली पलटणीची निशाणं,
आता कोळ्यांच्या जाळ्यांइतकी विरलेली.
तेही साम्राज्य गेलं.
पितळी अक्षरं पुसायला माझा भाऊ थिओफिल आहे,
शनिवारी, जुन्या बनियनचा बोळा घेऊन.

मुलांना मी सांगितलं नाही ते हे :
बुडता माणूस हाताला लागेल ते धरतो,
आणि बुडत्या साम्राज्याच्या हाताला क्रूस लागला.
साम्राज्य बुडालंच.
पण तेवढ्यात क्रुसावर
त्याच्या बोटांचे वळ उठले.
याला किती गुण, मला माहीत नाही.

रविवारी दानाची थैली फिरली. मी नाणं टाकलं.
का, ते विचारू नका.
सोमवारी खजिनदार आढावांनी वहीत लिहिलं,
'परकी नाणे, एक. चालत नाही,'
आणि पाकिटात घालून परत पाठवलं,
सोबत पाच ओळींची चिठ्ठी, थोडी रागावलेली.

आता ते स्वयंपाकघरात आहे,
डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली.
शिपाई वर आहे की खळगा, पाहिलं नाही.
टेबल पूर्वीपेक्षा कमी हलतं.
पोळ्या लाटताना
अजून थोडं हलतंच.