सात नंबर

काठी आली ती पोस्टानेच,
म्हणजे माझ्याच टेबलावर.
जुनी, कुणाच्या तरी हातची, सात नंबर,
साडेसहाशे, वर टपालखर्च.
पोचल्याची नोंद मी केली,
मिळाल्याची सही मी केली,
आणि माझ्याच सहीकडे जरा संशयाने पाहिलं.

पुरुषाच्या उंचीची आहे.
मी चार बोटं खाली धरते.

चेंडू अंकुशने दिले, बहिणीच्या पोराने.
नागपूरला गोल्फच्या मैदानावर तो गवत कापतो.
तळ्यात बुडालेले, उन्हाळ्यात गाळातून वर आलेले,
शंभरला बारा. त्यातला एक
चिरलेला, हसल्यासारखा.
शिकवणं फोनवर:
मावशी, डोकं हलवू नको. मावशी, गुडघे सैल.
गुडघे कधीचेच सैल झालेत रे, म्हटलं, दुसरं सांग.

दुपारी पोस्ट बंद झालं की ई-क्लासवर जाते.
सोयाबीन निघालेलं, तूर फुलावर,
गवत इतकं वाळलेलं की घरी येऊन
लुगड्यातली कुसळं वेचायला तासभर.
हातमोजा तीनशेचा होता, घेतला नाही,
अंगठ्याला पार्सलची चिकटपट्टी गुंडाळते
(तिचे पैसे भरले आहेत).
चेंडूखाली तुराटीचं एक पेर.
आणि लांब तिकडे, पुरलेला रंगाचा डबा,
त्यात उभी पऱ्हाटी, तिला लाल चिंधी.

लहानपणी इट्टी-दांडू भाऊ खेळायचे.
मी दांडूने अंतर मोजायची.
चोख मोजायची, म्हणून मलाच बोलवायचे.

आणि वीस वर्षं हा हात वरून खाली मारत आला,
शिक्का, पाकिटावर, धप्प.
हा फटका बाजूने येतो.
हाताला पटत नाही.
पहिल्या दिवशी ढेकूळ उडालं, चेंडू जागेवर.
रस्त्यावर मोटरसायकल थांबली.
मॅडम, साप मारून राह्यल्या काय?
हो, म्हटलं.
मेला?
नाही अजून.
दुसऱ्या दिवशी दोन पोरं काठ्या घेऊन मदतीला आली.

जैतूबाई मडावी तिथे शेळ्या राखते.
मी मारून आभाळात बघत राहते,
ती बघते जमिनीकडे.
बारातले नऊ तिनेच शोधून दिले,
एकदा तळहातावर ठेवून म्हणाली,
अंडं म्हनलं असतं मी,
पन टिटवीचे दिवस नाहीत.

मग एका दुपारी,
बराच वेळ पाहून झाल्यावर:
तुमी लय जोर लावता, बाई. लाकूड फोडाचं हाये काय?
काठी घेतली. चप्पल काढली.
हट्टी बोकडाला वळवावं तसं
नुसतं मनगट, जवळजवळ बेफिकीर,
आणि आवाज आला
तो मी तोवर ऐकलाच नव्हता,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, स्वच्छ.

बाभळीवरून गेला.
नाल्यावरून गेला.
उकंडराव निखाड्यांच्या तुरीत उतरला.

आम्ही दोघी गप्प.
शेळ्या तेवढ्या चरत होत्या.
मग ती म्हणाली, दुसरा द्या.

आता पाळी लावली आहे. दहा तिचे, दहा माझे,
माझे अजून बहुतेक भुईसरपट,
पण परवा एक उठला,
छातीएवढा, फार नाही,
मी पावलं मोजत गेले, त्रेसष्ट.
परत येताना पुन्हा मोजली.

तूर पौषात निघेल.
उकंडराव पोस्टात येतील, मूठ उघडतील,
मॅडम, हे कोन्या पाखराचं होय?
मी चष्मा लावीन, फिरवून बघीन.
पत्ता नाही, पिनकोड नाही.
अशा वेळी नियम असा की
पाठवणाऱ्याकडे परत.
ती त्या वेळी ई-क्लासवर असेल,
चप्पल काढून.